काटा अडलाय? वजन खरंच थांबलंय का, हे घरच्या घरी कसं तपासायचं

तक्रार नेहमीची आहे. रात्रीचा भात बंद केला, चहातली साखर सोडली, रोज पाऊण तास चालणं सुरू झालं. पहिल्या पंधरवड्यात दोन-अडीच किलो उतरले आणि मग काटा जो अडला तो अडलाच. मध्येच एक दिवस तर अर्धा किलो वर. नेमक्या याच टप्प्यावर बहुतेक जण सगळं सोडून देतात. मी आमच्या वसाहतीत सकाळचा व्यायामाचा गट चालवते आणि जवळजवळ प्रत्येक तुकडीत हे घडताना बघते. ज्यांनी सोडलं त्यातल्या कितीतरी जणांचं शरीर तेव्हा बदलत होतं. तो बदल काट्यावर उमटत नव्हता, एवढंच.

वजनकाटा हाडं, स्नायू, चरबी, रक्त, पाणी आणि पोटातलं कालचं जेवण या सगळ्यांची एकत्र बेरीज सांगतो. आपल्याला खबर हवी असते त्यातल्या एकाच रकमेची, म्हणजे चरबीची, आणि त्यातही पोटाच्या घेरात साठलेल्या चरबीची. म्हणून काटा अडला की आणखी एक जेवण कापण्याआधी शोधायचं ते हे, की अडलंय ते नक्की काय. मी ज्या क्रमाने तपासते त्याच क्रमाने लिहिते.

आधी काट्यावरच संशय घ्या

डिजिटल काट्याच्या चार पायांमध्ये भार ओळखणारे चार संवेदक असतात. चारही पाय सपाट टेकले नाहीत तर आकडा चुकतो. जुन्या घरातली शहाबादी फरशी, दोन फरशांमधली सांध, खाली राहिलेलं पायपुसणं, यातलं काहीही त्याला पुरतं. घरात एक सपाट जागा ठरवा आणि काटा तिथून हलवू नका. पलंगाखालून रोज ओढून काढला जाणारा काटा रोज वेगळ्या जागी बसतो.

मग पडताळणी. दुकानातून आणलेली, न फोडलेली १० किलोची तांदळाची पिशवी घ्या. आधी एकट्याने काट्यावर उभं राहा, मग पिशवी हातात घेऊन. दोन आकड्यांतला फरक १० किलोच्या जवळपास यायला हवा. पाव-अर्धा किलोचा घोळ येत असेल तर बॅटरी बदला, जागा बदला, तरी येत असेल तर काटा बदला. स्प्रिंगचा काटा असेल तर चढण्याआधी तो शून्यावर आहे का ते वाकून, नीट समोरून बघा.

आणखी एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. काही डिजिटल काटे मागचा आकडा लक्षात ठेवतात आणि नवं वजन त्याच्या अगदी जवळचं असेल तर तोच आकडा पुन्हा दाखवतात. आठवडाभर दशांशासकट तोच आकडा येत असेल तर हा प्रकार असू शकतो. आधी तांदळाची पिशवी एकटी काट्यावर ठेवा, ती उतरवा आणि मग स्वतः चढा.

‘कालपेक्षा दीड किलो जास्त कसं?’

हा प्रश्न सोमवारी येतो, किंवा सणाच्या दुसऱ्या दिवशी. हिशोब करून बघा. शरीरातल्या एक किलो चरबीत साधारण ७,७०० उष्मांक असतात. दीड किलो चरबी चढायची तर गरजेपेक्षा साडेअकरा हजार उष्मांक जास्त पोटात जायला हवेत. तूप सोडलेली एक पुरणपोळी ३०० उष्मांकांची धरली तर रोजच्या जेवणाच्या वर अडतीस पोळ्या झाल्या. तेव्हा काल रात्रीतून वाढलं ते बहुतांशी पाणी आणि पोटातलं अन्न.

हे पाणी येतं कुठून? आपण खाल्लेल्या पिष्टातला काही भाग शरीर ग्लायकोजेनच्या रूपात यकृतात आणि स्नायूंत साठवून ठेवतं. सगळा मिळून हा साठा साधारण अर्धा किलोचा, पण प्रत्येक ग्रॅमसोबत तीनेक ग्रॅम पाणी धरून ठेवलेलं असतं. भात-पोळी एकदम कमी केली की हा साठा रिकामा होतो आणि पाण्यासकट वजन उतरतं. पहिल्या पंधरवड्यातल्या त्या आनंदाच्या दोन किलोंमध्ये याचा मोठा वाटा असतो. पुढे एका लग्नात जिलबी आणि मसालेभात झाला की साठा परत भरतो आणि काटा वर जातो. चरबीचा त्यात फारसा संबंध नसतो. पहिले दोन किलो इतक्या झटकन उतरले म्हणून पुढचेही तसेच उतरतील, ही अपेक्षाच सगळ्यात जास्त लोकांना निराश करते.

मीठ हे दुसरं कारण. लोणचं, पापड, फरसाण, हॉटेलातली भाजी यांनी दुसऱ्या दिवशी अंगठी घट्ट होते, डोळ्यांखाली सूज दिसते. तिसरं कारण नवा व्यायाम. पहिल्यांदाच बैठका, वजनं किंवा सूर्यनमस्कार जोरात सुरू केले की स्नायूंना बारीक इजा होते, ती भरून येताना तिथे पाणी साठतं आणि मांड्या दुखत असतात त्याच आठवड्यात काटा वर जातो. जिमला जाणारी मुलं क्रिएटिन (स्नायूंसाठी घेतात ती पूड) घेत असतील तर किलो-दीड किलो त्यातच जातं. भाकरी, पालेभाज्या, कोशिंबिरी अचानक वाढवल्या तर आतड्यातला ऐवजही काही दिवस वाढलेला असतो. शौचाला साफ झालं नाही तर तोही आकडाच.

पाळी येणाऱ्या बायकांसाठी तर हे सर्वांत महत्त्वाचं. पाळीच्या आधीचे काही दिवस आणि पाळीचा पहिला दिवस शरीर पाणी धरून ठेवतं. त्या आठवड्यातलं वजन मागच्या आठवड्याशी ताडून बघण्यात काही अर्थ नाही. पाळी संपल्यानंतरच्या आठवड्याचं वजन गेल्या महिन्यातल्या त्याच आठवड्याशी ताडा. गटातल्या एका ताईंनी ही एकच गोष्ट बदलली. तोवर दर महिन्याला एक आठवडा त्या उपाशी राहून स्वतःला शिक्षा केल्यासारखं करायच्या. तारखा लावून वही बघितली तेव्हा वजन महिन्यागणिक अर्धा-पाऊण किलो उतरतच होतं.

उपाय साधा आहे. एका दिवसाच्या आकड्यावर कोणताच निर्णय घ्यायचा नाही. रोज सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी, साधारण तेवढ्याच कपड्यांत वजन करायचं आणि रविवारी सात आकड्यांची सरासरी काढायची. सरासरीची तुलना फक्त सरासरीशी. रोजचा आकडा बघून मन खचत असेल तर आठवड्यातून एकदाच करा, पण मग निदान चार आकडे जमेपर्यंत निष्कर्ष काढू नका. आणि आकडा बघून उलटी काढावीशी वाटणं, दिवसभर न जेवणं, स्वतःचा राग राग करणं असं होत असेल तर काटा घरातून बाहेर काढा आणि डॉक्टरांशी किंवा समुपदेशकाशी बोला. तो त्रास वजनापेक्षा मोठा आहे.

काटा तोच, मग पोटाचा घेर काय म्हणतो?

माझ्या मते खरी तपासणी इथे सुरू होते. आपल्याकडच्या शरीरांसाठी तर घेराचा आकडा वजनापेक्षा कितीतरी मोलाचा आहे, आणि हे कळायला पुण्यातलंच उदाहरण पुरेसं आहे. केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभे असलेला फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचाही बीएमआय २२.३, म्हणजे उंचीच्या मानाने वजन अगदी सारखं. पण शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. काट्याच्या लेखी दोघंही सारखेच!

हातापायाच्या काड्या आणि पोटाचा नगारा असं आपण ज्याला म्हणतो, ती ही आपली ठेवण. वजन ‘नॉर्मल’ असून साखर वाढलेली, यकृतावर चरबी आलेली माणसं आपल्या प्रत्येकाच्या नात्यात आहेत. म्हणूनच भारतीय डॉक्टरांनी २००९ साली आपल्यासाठी मर्यादा खाली आणल्या: बीएमआय २३ च्या पुढे जास्त वजन, २५ पासून लठ्ठपणा, आणि पोटाचा घेर पुरुषांचा ९० सेंटिमीटर, बायकांचा ८० सेंटिमीटर.

आकड्यांत शिरायचं नसेल तर सुतळी घ्या. स्वतःच्या उंचीएवढी सुतळी कापा, ती मधोमध दुमडा आणि पोटाभोवती गुंडाळून बघा. दोन्ही टोकं भेटली तर घेर उंचीच्या निम्म्याहून कमी आहे आणि ते चांगलं आहे. भेटत नसतील तर मधे किती बोटांचं अंतर उरतं ते लिहून ठेवा. पाच फूट दोन इंच उंचीच्या बाईसाठी हा निम्मा आकडा साधारण ७९ सेंटिमीटर येतो, पाच फूट सात इंचाच्या पुरुषासाठी ८५. माझ्या गटातल्या सत्तरीच्या आजींना सेंटिमीटर वाचता येत नाहीत, पण अंतर चार बोटांवरून दोन बोटांवर आलं हे त्या कुणालाही सांगू शकतात.

वजन उतरताना घेर किलोमागे साधारण एक सेंटिमीटर कमी होतो, माणसागणिक कमी-जास्त. पण व्यायाम, विशेषतः ताकदीचा, नव्याने सुरू केलेला असेल तर काटा जागच्या जागी आणि घेर मात्र दोन-तीन सेंटिमीटर खाली, असं महिनाभर चालू शकतं. चरबी गेली, तिच्या जागी थोडा स्नायू आणि पाणी आलं. असं दिसत असेल तर काहीही बदलू नका.

‘टेप दर वेळी वेगळंच सांगते’

कारण ती दर वेळी वेगळ्या जागी लागते. बेंबीवर लावायची असं बहुतेक जण धरून चालतात. पण पोट सुटलेलं असलं की बेंबी खाली सरकते आणि पोट उतरायला लागलं की वर येते. म्हणजे जिथून मोजायचं ती खूणच हलती. साडी नेसणाऱ्यांची आणखी एक अडचण असते. परकराच्या नाडीचा वळ वर्षानुवर्षं एकाच जागी पडलेला असतो आणि टेप आपोआप त्या खाचेत जाऊन बसते. तिथला आकडा नेहमी कमी येतो.

हाडावरून मोजा, हाडं हलत नाहीत. सकाळी, रिकाम्या पोटी, कपडा बाजूला करून, आरशासमोर उभं राहा. पावलांत थोडं अंतर, भार दोन्ही पायांवर सारखा. उजव्या हाताची बोटं बरगड्यांच्या बाजूने खाली सरकवत न्या. शेवटची बरगडी संपून मऊ लागतं तिथे पेनाने ठिपका द्या. मग कमरेच्या हाडाची वरची कड चाचपा, बाजूला हात ठेवून उभं राहताना जिच्यावर तळवा टेकतो ती. तिथे दुसरा ठिपका. दोन्हींच्या बरोबर मधे तिसरा. टेप या तिसऱ्या ठिपक्यावरून फिरवायची. ती मागे खाली घसरते, म्हणून आरशात बाजूने बघा, टेप सगळीकडून जमिनीला समांतर हवी. नेहमीसारखा श्वास सोडा आणि सोडून झाल्यावर आकडा वाचा. पोट आत ओढायचं नाही. टेप अंगाला लागलेली, पण कातडीत रुतलेली नाही.

असं दोनदा मोजा. दोन आकड्यांत एक सेंटिमीटरपर्यंत फरक असेल तर सरासरी लिहा, त्याहून जास्त असेल तर पुन्हा मोजा. यावरूनच कळेल की अर्ध्या सेंटिमीटरचा बदल हा बदल नाही, मोजण्यातली सूट आहे. म्हणून घेर पंधरा दिवसांतून एकदाच मोजायचा. शिवणाच्या डब्यातली जुनी कापडी टेप वापरत असाल तर ती आधी मुलांच्या पट्टीवर ताणून बघा. वर्षानुवर्षं ओढली गेलेली टेप लांबते, आणि लांबलेली टेप घेर कमी दाखवते. टेपची इंचाची बाजू सोडा, सेंटिमीटरच्या बाजूने मोजा, लहान फरक लवकर दिसतो.

कपड्यांवरून अंदाज घेताना

‘कपडे सैल झाले’ हा चांगला पुरावा आहे, पण कोणते कपडे? लेगिंग, ट्रॅकपँट, नाडीचा पायजमा, गाऊन आणि साडी यांना आपल्या वाढण्या-उतरण्याची खबरच नसते, ते जुळवून घेतात. पुरुषांच्या पँटचंही तसंच. पोट सुटलं की पँट पोटाखाली सरकते, आणि ‘मी कॉलेजपासून ३४ च घालतो’ असं सांगणाऱ्याचा खरा घेर ४० इंच असू शकतो.

एक न ताणणारा कपडा निवडा. हुकांचा सुती ब्लाउज, जुनी जाड जीन्स, किंवा एरवी कपाटात पडून असलेला सदरा. तो शिंप्याकडून उसवून घ्यायचा नाही, आत घ्यायचा नाही, फक्त महिन्यातून एकदा घालून बघायचा. कुठलं हूक लागतं, बटणांमधे किती फट राहते, दंडाला काच बसतो का, ते लिहायचं. पट्ट्याचं भोक हेही चांगलं माप आहे, पट्टा एकच आणि पँट एकच असेल तर. बांगड्यांवर मात्र विसंबू नका. अडीचच्या बांगड्या उतरून सव्वादोनच्या चढल्या की आनंद होतो खरा, पण बांगडी अडते ती हाताच्या हाडांपाशी, आणि उन्हाळ्यात हात सुजला की तीच बांगडी परत घट्ट होते. फोटो काढणार असाल तर महिन्यातून एकदा, त्याच भिंतीपाशी, त्याच उजेडात, त्याच कपड्यांत. ते कुणाला दाखवायची गरज नाही.

उलटी तक्रार: वजन उतरतंय, पण पोट तसंच आणि अंगात त्राण नाही

याला लोक यश समजतात, म्हणून जास्त काळजी वाटते. वजन उतरतं तेव्हा जातं ते सगळं चरबीचं नसतं, साधारण पाव हिस्सा चरबीशिवायचा असतो. ताकदीचा व्यायाम नाही, प्रथिनं कमी आणि जेवण एकदम तोडलेलं, अशा वेळी हा हिस्सा वाढतो आणि स्नायू झिजतात. काटा खूश, आणि माणूस जिना चढताना कठडा धरतो. नुसत्या फळांवर आणि ताकावर काढलेला आठवडा असाच जातो. साबुदाण्याच्या खिचडीवरचे उपास तर दुहेरी नुकसानीचे, प्रथिनं कमी आणि तेल-तूप, दाण्याचं कूट भरपूर. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ उगाच म्हणत नाहीत.

स्नायू शाबूत आहेत का, हे काटा सांगत नाही, खुर्ची सांगते. हात नसलेली, न हलणारी, जेवणाच्या टेबलाजवळची साधी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. मधोमध बसा, दोन्ही हात छातीवर आडवे घ्या आणि ३० सेकंदांत पूर्ण उभं राहून किती वेळा परत बसता येतं ते मोजा. गुडघे दुखत असतील किंवा तोल जात असेल तर कुणाला तरी शेजारी उभं करा, किंवा ही चाचणी सोडून द्या. आकडा शेजारणीशी ताडायचा नाही, स्वतःच्या गेल्या महिन्याच्या आकड्याशी ताडायचा. वजन उतरतंय आणि हा आकडा वाढतोय किंवा टिकून आहे, तर उत्तम. वजन उतरतंय आणि हाही उतरतोय, तर जेवण जास्त तोडलंय.

दमसासाचं माप आपल्या गावातच असतं. पुण्यात राहत असाल तर पर्वतीच्या १०३ पायऱ्या आहेतच. न थांबता चढता आल्या का, किती वेळ लागला, वर पोचल्यावर एक आख्खं वाक्य धाप न लागता बोलता आलं का, एवढं लिहा. इतरांनी आपल्या इमारतीचे तीन-चार जिने धरावेत. सकाळी उठल्या उठल्या, अंथरुणातच, पूर्ण एक मिनिट नाडी मोजा. चालण्याचा सराव मुरत गेला की विश्रांतीतली नाडी काही आठवड्यांत हळूहळू खाली येते.

प्रथिनांबद्दल थोडक्यात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीप्रमाणे प्रौढ माणसाला रोज वजनाच्या प्रत्येक किलोमागे ०.८३ ग्रॅम लागतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ५० ग्रॅम. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम असतात. पातळ आमटीच्या एका वाटीवर आणि दोन पोळ्यांवर जेवण संपत असेल तर ५० चा आकडा गाठणं अवघड आहे. मोडाची उसळ, दही, पनीर, अंडी, मासे यातलं जे चालत असेल ते प्रत्येक जेवणात हवं. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र हे आधी डॉक्टरांना विचारा.

चरबीची टक्केवारी दाखवणारे काटे

हे काटे एका तळव्यातून दुसऱ्या तळव्यात अगदी सौम्य वीज सोडतात. पाण्यातून ती सहज जाते, चरबीतून अडखळते. त्या अडथळ्यावरून, वय-उंची घालून, काटा सूत्राने अंदाज बांधतो. म्हणजे पाणी कमी-जास्त झालं की टक्केवारी बदलणार. घाम गाळून आल्यावर, आंघोळीनंतर ओल्या पायांनी, पाळीच्या दिवसांत आकडे इकडचे तिकडे होतात. शिवाय वीज जाते मुख्यतः पायांतून, आणि आपलं दुखणं पोटात. त्याचा दिवसाचा आकडा सोडून द्या, दोन-तीन महिन्यांचा कल कुठे चाललाय तेवढा बघा. शरीराचं वय वगैरे जे दाखवतात त्याकडे लक्षच देऊ नका. पेसमेकर असलेल्यांनी या काट्यावर चढू नये, गरोदर बायकांनीही टाळावा.

रक्त काय म्हणतंय

ज्यांना साखर, रक्तदाब किंवा यकृतावरची चरबी आहे त्यांच्यासाठी प्रगतीचं सगळ्यात भक्कम माप हेच. आणि इथे मला आवर्जून सांगावंसं वाटतं ते चेन्नईचं संशोधन. डॉ. ए. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ५३१ भारतीयांना घेऊन केलेला हा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. आहार आणि चालण्याचा सल्ला ज्यांना सातत्याने मिळत राहिला त्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण २८.५ टक्क्यांनी कमी झालं, आणि त्या गटाचं वजन म्हणावं असं उतरलेलं नव्हतं. काटा हलला नाही म्हणून ज्यांनी चालणं सोडलं, त्यांनी नेमकं काय सोडलं ते यावरून कळतं.

तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी, म्हणजे एचबीए१सी, महिन्या-महिन्याला करण्यात पैसे घालवू नका. तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात, त्यामुळे ती तपासणी तीन महिन्यांनीच खरं बोलते. रक्तक्षय असेल तर तो आकडा फसवा असू शकतो आणि आपल्याकडे बायकांमध्ये रक्तक्षय फार, म्हणून सोबत हिमोग्लोबिन करून घ्या. उपाशीपोटीची ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली एक चरबी) आणि यकृताचं एसजीपीटी हे दोन आकडे खाण्यातल्या बदलाला छान प्रतिसाद देतात. रक्तदाब घरी मोजत असाल तर पाच मिनिटं शांत बसल्यावर, पाठ टेकवून, हात छातीच्या उंचीला टेबलावर ठेवून मोजा. त्याआधी अर्धा तास चहा आणि तंबाखू नको.

साखरेच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असताना खाणं कमी केलं असेल तर हे वाचाच. वजन उतरण्याच्या आधीच साखर आणि दाब उतरायला लागतात आणि जुना डोस जास्त ठरतो. दरदरून घाम, हातांना कंप, उठताना डोळ्यांसमोर अंधारी असं झालं तर तो अशक्तपणा समजून सोडू नका. डोस डॉक्टरांकडून कमी करून घ्या, मनाने बंद करू नका.

वहीचं एक पान

अॅप चालेल, पण शंभर पानी वही मला जास्त भरवशाची वाटते. समजा एखाद्या बाईंचं पान असं आहे: पहिल्या आठवड्याचं सरासरी वजन ७४.६, चौथ्या आठवड्याचं ७४.१. घेर ९४ वरून ९१. खुर्चीवरून उठणं ११ वरून १५. निळ्या ब्लाउजचं खालून दुसरं हूक आता लागतं. समासात बारीक अक्षरात: ‘१२ ते १६ पाळी’, ‘१९ ला लग्न, श्रीखंड’. नुसता काटा बघितला असता तर महिन्याभरात अर्धा किलो, म्हणजे काहीच नाही. पान बघितलं तर या बाईंचं अगदी व्यवस्थित चाललंय. समासातल्या नोंदी विसरू नका, महिन्याने आकडे उलगडतात ते त्यांच्यामुळेच.

आणि सगळंच अडलेलं असेल तर

चार आठवडे झाले, वजनाची सरासरी तीच, घेर तोच, हूक तेच. मग खरंच थांबलंय. शरीर हलकं झालं की त्याची गरजही कमी होते, त्यामुळे सुरुवातीला पुरेसा ठरलेला बदल पुढे पुरत नाही. अशा वेळी पोळ्या मोजण्याआधी तेलाचा डबा बघा. ५ लिटरच्या डब्यावर आणल्याची तारीख मार्करने लिहा. चौघांच्या घरात तो महिन्यात संपत असेल तर माणशी रोज ४० मिलिलिटरच्या पुढे तेल जातंय, म्हणजे सव्वातीनशेहून जास्त उष्मांक, आणि बाहेरचं खाणं यात धरलेलंच नाही. फोडणीला बाटलीतून ओतण्याऐवजी चमचा वापरा आणि तोच डबा चाळीस दिवस पुरवायचा प्रयत्न करा. दुसरी जागा म्हणजे बसून जाणारा वेळ. सकाळी पाऊण तास चालून उरलेला दिवस खुर्चीत जात असेल तर प्रत्येक जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटांची फेरी जोडा. एका वेळी एकच बदल करा, नाहीतर कशाचा उपयोग झाला ते कळणार नाही. झोप पाच तासांची असेल तर आधी ती सुधारा.

काही लक्षणं मात्र घरच्या तपासणीत बसत नाहीत. दोन-चार दिवसांत दोनेक किलो वाढलं, नडगीवर अंगठा दाबल्यावर खळगा तसाच राहतो, आडवं पडल्यावर धाप लागते, तर हृदय, मूत्रपिंड किंवा यकृताची तपासणी लगेच हवी. वजन हटत नाही आणि सोबत सतत थंडी वाजणं, केस गळणं, बद्धकोष्ठ, पाळीत बदल असेल तर थायरॉइड बघून घ्या. काही औषधांनीही, विशेषतः स्टेरॉइडने, वजन वाढतं. आणि काहीही प्रयत्न न करता वजन उतरत असेल, सहा महिने ते वर्षभरात ७० किलोच्या माणसाचं साडेतीन किलो गेलं असेल, तर अभिनंदन स्वीकारत बसू नका. खूप तहान आणि वारंवार लघवी असेल तर साखर तपासा. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, रात्रीचा घाम असेल तर क्षयाची तपासणी करा, ती सरकारी दवाखान्यात मोफत होते. डॉक्टरांकडे जाताना वही सोबत न्या. ‘वजन कधीपासून?’ असं त्यांनी विचारलं की तारखांसकट दाखवता येतं.